जाळे मोठा मासा आधी नेते

मासेमारीमुळे समुद्रातले मासे कमी होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. उरलेले मासे लहान आणि कमी वयाचे होत जातात, हा परिणाम तितका लक्षात येत नाही, पण तो अधिक काळ टिकतो. जाळ्याच्या आसातून छोटा मासा निसटतो आणि मोठा अडकतो. बाजारात भावही मोठ्यालाच मिळतो. त्यामुळे मासेमारी वाढली की त्या जातीतले जुने, थोराड मासे सर्वांत आधी संपतात.

वजनात मोजले तर हे नुकसान किरकोळ वाटते. अंड्यांत मोजले की त्याचा खरा आकार कळतो. मादीचे वजन ज्या प्रमाणात वाढते, त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात तिची अंडी वाढतात. अटलांटिक महासागरातील कॉड माशाची ३० किलोची एकच मादी २ किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते, आणि त्या २८ माद्यांचे एकत्रित वजन ५६ किलो असते! अनेक जातींत थोराड मादीची अंडीही मोठी असतात, म्हणून पिलांना सुरुवातीच्या दिवसांची शिदोरी अधिक मिळते. लहान-मोठ्या माद्यांच्या अंडी घालण्याच्या वेळाही बहुधा वेगळ्या असतात. त्यामुळे एखादा पंधरवडा प्रतिकूल गेला तरी सगळी पिले एकदम मरत नाहीत. मोठ्या माद्या गेल्या की हा आधारही जातो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत १९४९ पासून माशांच्या पिलांच्या नोंदी ठेवल्या जातात. पकडल्या जाणाऱ्या जातींची संख्या न पकडल्या जाणाऱ्या जातींपेक्षा जास्त वरखाली होते, असे त्या नोंदींतून दिसले.

याहून गंभीर बदल आनुवंशिक आहे. सावकाश वाढून उशिरा अंडी घालणारा मासा बहुतेकदा त्याआधीच जाळ्यात सापडतो. लहानपणीच वयात येणाऱ्याची मात्र संतती मागे राहते. डेव्हिड कॉनोव्हर आणि स्टीफन मंच या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सिल्व्हरसाइड या छोट्या माशावर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही टाक्यांतून दर पिढीत सर्वांत मोठे ९० टक्के मासे काढले गेले, तर काहींतून सर्वांत छोटे. चारच पिढ्यांत पहिल्या टाक्यांतील माशांचे सरासरी वजन दुसऱ्या टाक्यांतील माशांच्या जवळपास निम्म्यावर आले.

खुल्या समुद्रात पाण्याचे तापमान आणि खाद्य यांचाही वाढीवर परिणाम होतो, त्यामुळे तिथे कारणे वेगळी काढणे अवघड असते. तरीही कॅनडातील न्यूफाउंडलंडचा अनुभव बोलका आहे. तिथल्या कॉडची पकड १९६८ मध्ये ८ लाख टनांच्या वर गेली होती. पुढे साठा कोसळला आणि जुलै १९९२ मध्ये सरकारला व्यावसायिक कॉडमारी थांबवावी लागली. हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. हा मासा पूर्वीपेक्षा कमी वयात आणि लहान आकारात वयात येऊ लागल्याची चिन्हे साठा कोसळण्याच्या आधीच्या नोंदींत होती, पण ती नंतरच्या अभ्यासात वाचली गेली. बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

कोकण किनाऱ्यावर प्रश्न दुसऱ्या टोकाचाही आहे. जवळा आणि कोळंबीसाठी लावलेल्या बारीक आसाच्या डोलजाळ्यांत पापलेटची पिलेही येतात, म्हणजे एकदाही अंडी न घातलेले मासे जातात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. हा नियम आवश्यकच होता आणि तो बंदराबंदरांत काटेकोरपणे पाळला जायला हवा. मात्र त्याने पिलू वाचते, थोराड मादी वाचत नाही. तिच्यासाठी मासेमारीला कायम बंद असलेली क्षेत्रे लागतात किंवा आकाराची वरची मर्यादाही ठरवावी लागते. फ्लोरिडात रेड ड्रम या माशाबाबत तसा नियम आहे. गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांना १८ ते २७ इंच लांबीचाच मासा ठेवता येतो. त्याहून छोटा आणि त्याहून मोठा, दोन्ही पाण्यात परत सोडावे लागतात.