रोझा पार्क्स नसलेला खटला

अमेरिकेतल्या माँटगोमेरीचा बसबहिष्कार म्हटले की रोझा पार्क्स आठवतात. १ डिसेंबर १९५५ रोजी त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही आणि त्यांना अटक झाली. मात्र बसमधला वर्णभेद ज्या खटल्याने संपवला, त्यात त्या वादी नव्हत्या. त्यांचे अपील अलाबामाच्या राज्य न्यायालयांत रखडणार, हे अवघ्या २५ वर्षांचे वकील फ्रेड ग्रे यांनी ओळखले. म्हणून १ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांनी थेट फेडरल न्यायालयात वेगळा दावा ठोकला: ‘ब्राउडर विरुद्ध गेल’. गेल म्हणजे शहराचे महापौर.

अखेरपर्यंत टिकलेल्या वादी चार, चौघीही स्त्रिया: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. कोल्विनला तर पार्क्स यांच्या नऊ महिने आधीच, वयाच्या १५व्या वर्षी, याच गुन्ह्यासाठी बसमधून ओढून नेले होते. शाळकरी मुलीचा चेहरा चळवळीच्या पुढाऱ्यांना तेव्हा सोयीचा वाटला नाही. साक्षीला मात्र तीच उपयोगी पडली.

५ जून १९५६ रोजी तीन न्यायाधीशांनी २ विरुद्ध १ असा निकाल वादींच्या बाजूने दिला. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. गंमत म्हणजे, त्याच दिवशी बहिष्कारकर्त्यांच्या सामायिक मोटारींवर राज्य न्यायालयाकडून बंदी मिळवण्यात शहर प्रशासन यशस्वी झाले! आदेश हाती पडेपर्यंत लोकांनी पायपीट केली. बहिष्कार चालला एकूण ३८१ दिवस. बस खुल्या झाल्या, आणि महिना सरण्याआधीच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.