सनदेत न लिहिलेली माफी

करोडगिरीच्या नाक्याची आठवण मराठवाड्यातील जुन्या घरांतून अजून पुरती पुसली गेलेली नाही. इंग्रजी मुलखातून निजामाच्या राज्यात येणाऱ्या मालावर महसूल घेणारी ही चौकी एखाद्या परक्या देशाच्या सरहद्दीइतकीच खरी होती. १८०२ च्या व्यापारी तहाने कंपनी सरकारने या महसुलाला शेकडा पाचाची मर्यादा घालून दिली होती. आणि १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या तरुणांनी जे नाके जाळले, त्यांत पोलीस ठाण्यांच्या बरोबरीने करोडगिरीचे नाके होते. या नाक्यांच्या हकिगती ऐकताना एका प्रश्नाने मला फार वर्षांपूर्वी पछाडले. नाक्यावर अडवलेल्या गाडीत व्यापाऱ्याचे कापड नसून सर्व रयतेच्या उपयोगाची वस्तू असेल, म्हणजे आगगाडीचे रूळ, विजेच्या तारा किंवा पाणचक्कीचे जनित्र असेल, आणि तो उद्योग चालवण्याची सनद सरकारनेच दिलेली असेल, तर त्या सनदेच्या पोटात करमाफीही आलीच, असे मानायचे की नाही?

परभणीपुरते पाहिले तर हा प्रश्न प्रथम उभा केला तो रेल्वेने. मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेड करीत सिकंदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर खुला झाला. तो चालवणारी निजाम गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी लंडनमध्ये १८८३ साली उभी राहिलेली, आणि तिच्या नावातच हैदराबादच्या खजिन्याने दिलेली व्याजाची हमी होती. हमी देणाऱ्या सरकारने कंपनीच्या परदेशी रुळांवर महसूल घ्यायचा म्हटले, तर उभारणीचा खर्च तेवढा वाढणार आणि त्याच्या व्याजाचा भार फिरून त्याच खजिन्यावर येणार, हे कोणाही मुनीमाला कळण्यासारखे होते. १ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने ही रेल्वे स्वतःकडेच घेतली आणि तेथपुरता प्रश्न मिटला. इंग्रजी मुलखात मात्र तो मिटवण्यासाठी कायदा करावा लागला. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरवले की, गव्हर्नर जनरलने राजपत्रात तसे जाहीर केल्याखेरीज कोणत्याही रेल्वे प्रशासनाला नगरपालिकेचा वा अन्य स्थानिक संस्थेचा कर लागू होणार नाही. माफी हवी होती, म्हणून ती लिहावी लागली. रेल्वे लोकोपयोगी आहे एवढ्यावर कोणी थांबले नाही.

विजेच्या बाबतीत तेवढेही लिहिले गेले नाही. १९१० च्या भारतीय वीज कायद्याखालचा परवाना वाचावा, तर त्यात रस्ते खोदण्याचा अधिकार आहे, मागेल त्यास वीज देण्याचे बंधन आहे, दराच्या मर्यादा आहेत आणि हिशेब दाखवण्याची सक्ती आहे. कराच्या माफीचा मात्र शब्द नाही. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची तरतूद केली, तेव्हा त्याच्या ८० व्या कलमाने उलट असे सांगितले की, आयकरापुरते मंडळ ही एक कंपनीच समजली जावी. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ अस्तित्वात आले ते हे ओझे घेऊनच.

आता एक फरक ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढील सारा वाद त्याच्यावर फिरतो. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण उभे राहिले आणि १९६८ च्या सुमारास त्याच्या पायथ्याशी तीन संचांचे, एकूण २२.५ मेगावॅटचे वीजगृह सुरू झाले. धरणाचे काम राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्याचे. तयार झालेली वीज वाहून नेऊन विकायची ती मंडळाने. त्याच्या आधी कोयनेचा थोरला प्रकल्पही राज्य सरकारनेच उभारला. त्याच्या परकीय चलनाच्या गरजेसाठी जागतिक बँकेने १९५९ साली अडीच कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि १९६२ साली तेथली वीज वाहू लागली. अशा प्रकल्पासाठी परदेशी यंत्र मुंबई बंदरात उतरले, तर ते कोणाचे? खात्याचे असेल तर ती राज्याची मालमत्ता, आणि संविधानाचा अनुच्छेद २८९ स्वच्छ शब्दांत सांगतो की, राज्याची मालमत्ता व उत्पन्न यांना केंद्राच्या करातून सूट आहे. मंडळाचे असेल तर मंडळ ही कायद्याच्या दृष्टीने निराळी व्यक्ती, आणि हा अनुच्छेद तिच्या मदतीला येतो की नाही, हा निराळा प्रश्न.

पहिल्या प्रश्नाचा निकाल १० मे १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. हा निकाल म्हणजे माझ्या मते आपल्या संघराज्याच्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाचे आणि अत्यंत उपेक्षित असे एक प्रकरण आहे. सागरी सीमाशुल्क कायदा १८७८ चा. त्याच्या २० व्या कलमात दुरुस्ती करून, राज्य सरकारचा माल व्यापारासाठी असो वा नसो, त्यावर सीमाशुल्क घेण्याचा आणि त्याच धर्तीवर उत्पादन शुल्क बसवण्याचा केंद्राचा मनोदय होता. विधेयकाचा मसुदा फिरला तेव्हा काही राज्यांनी ते घटनाबाह्य ठरेल असा आक्षेप घेतला, आणि म्हणून राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ अन्वये न्यायालयाचा अभिप्राय मागवला. नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसले आणि दुभंगले: पाच विरुद्ध चार.

सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी बहुमताचे मत लिहिले. त्यांच्याबरोबर गजेंद्रगडकर, वांछू आणि शाह होते, आणि राजगोपाल अय्यंगार यांनी स्वतंत्र लिहून त्याच निष्कर्षाला मान डोलावली. त्यांचा युक्तिवाद असा की, सीमाशुल्क हा वस्तूवरचा कर नव्हे. तो वस्तू देशात आणण्याच्या कृतीवरचा कर आहे. अनुच्छेद २८९ ने मालमत्तेवरील कराला मज्जाव केला आहे, आयातीच्या कृतीवरील शुल्काला नव्हे. शिवाय परदेशी व्यापाराचे नियमन केंद्राच्या हाती दिलेले असताना प्रत्येक राज्याने आपल्या नावावर हवा तो माल शुल्काशिवाय आणायचा म्हटले, तर त्या नियमनाला अर्थच उरणार नाही.

या युक्तिवादाला आधार मिळाला तो ऑस्ट्रेलियातील एका झगड्याचा, आणि तो झगडा मला मूळ खटल्याहूनही अधिक बोलका वाटतो. सशांच्या उपद्रवाने तेथील शेतकरी जेरीस आले होते, आणि कुंपणाची जाळी त्यांना स्वस्तात मिळावी म्हणून न्यू साउथ वेल्सच्या सरकारने ती परदेशातून मागवली. संघसरकारने शुल्क मागितले. १९०७ साली त्या राज्याचे प्रीमियर जोसेफ कॅरुथर्स यांनी शुल्क भरण्याचे साफ नाकारले आणि सिडनीच्या धक्क्यावर सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात असलेली जाळी पोलिसांकरवी, गाड्या भरून, उचलून नेली. एका संघराज्यातील एक सरकार दुसऱ्या सरकारच्या ताब्यातून दिवसाढवळ्या माल उचलते, असा हा प्रसंग. पुढे खटला उभा राहिला तो प्रीमियरवर नव्हे, तर जाळी हलवण्याचे काम करणाऱ्या सटन नावाच्या माणसावर. आणि १९०८ च्या विधिवृत्तांत आजही त्याचेच नाव लागलेले आहे. त्याच वर्षी, त्याच राज्याच्या सरकारी रेल्वेसाठी आणलेल्या पोलादी रुळांचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. राज्याच्या मालमत्तेवर संघाने कर बसवू नये, असे ऑस्ट्रेलियाच्या घटनेचे ११४ वे कलम सांगत होते. तरीही न्यायालयाने म्हटले की, सीमाशुल्क हा त्या कलमाच्या अर्थाने मालमत्तेवरील कर नव्हे. रुळांवर शुल्क द्यावेच लागले. सिडनीच्या धक्क्यावरचे हे रूळ पंचावन्न वर्षांनी दिल्लीत भारतीय राज्यांच्या आड आले.

अल्पमत लिहिले ते एस. के. दास यांनी, न्यायमूर्ती सरकार आणि दासगुप्त यांच्या वतीने. हिदायतुल्ला यांनी आपले भिन्नमत वेगळे मांडले. दासांचे लिखाण वाचताना मन वारंवार थबकते, कारण त्यांनी घटनेच्या शब्दांना दिलेला मान बहुमताने दिलेला नाही असे मला स्पष्टपणे वाटते. १९३५ च्या कायद्याच्या १५५ व्या कलमात प्रांतांना मिळालेली सूट जमिनी, इमारती आणि उत्पन्न एवढ्यापुरतीच होती. संविधानकारांनी ते शब्द काढून ‘मालमत्ता’ हा व्यापक शब्द घातला, आणि ‘करआकारणी’ची व्याख्या करताना सामान्य, स्थानिक वा विशेष अशी कोणतीही पट्टी तीत समाविष्ट केली. हे सारे विनाकारण केले काय? आणि दुसरा मुद्दा त्याहून बिनतोड आहे. थेट मालमत्तेवर बसणारे कर केंद्राच्या यादीत जवळजवळ नाहीतच. मग सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्क वगळले, तर राज्यांना दिलेल्या या सुटीत उरले काय? रिकाम्या कणगीला मोठे कुलूप लावल्यासारखी ती सूट झाली.

बहुमताच्या पाचांतले गजेंद्रगडकर साताऱ्याचे, आणि मंडळाविषयीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही पुढच्याच वर्षी त्यांच्याच हातून लिहिले गेले, या वेळी सरन्यायाधीश म्हणून. आंध्र प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाने म्हटले होते की, आम्ही राज्याचेच आहोत, म्हणून आमच्या उत्पन्नाला आयकर नको. १९६४ च्या निकालाने सांगितले की, महामंडळ ही राज्याहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे आणि तिचे उत्पन्न हे राज्याचे उत्पन्न नव्हे. वीज मंडळांना हाच नियम लागणार हे उघड होते. अशा रीतीने दोन वर्षांत दोन्ही दारे लागली: खात्याने यंत्र आणले तर आयातीची कृती करपात्र, आणि मंडळाने आणले तर मंडळ म्हणजे राज्यच नव्हे. येलदरीचे यंत्रगृह सुरू झाले ते या दोन लागलेल्या दारांच्या काळात.

बहुमताचा एक भाग मात्र पुढे खरा ठरला आणि तो नमूद न करणे अन्यायाचे होईल. केंद्रशासित प्रदेशांत केंद्र थेट मालमत्ता कर बसवू शकते, म्हणून सूट अगदीच पोकळ नाही, असे त्या बाजूचे उत्तर होते. आणि १९९७ साली नवी दिल्ली नगरपालिका विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात, पुन्हा नऊ न्यायमूर्ती आणि पुन्हा पाच विरुद्ध चार, न्यायालयाने ठरवले की दिल्लीतील राज्यांच्या इमारतींवरचा मालमत्ता कर अनुच्छेद २८९ ने वर्ज्य आहे, मात्र व्यापारासाठी वापरलेल्या इमारती त्यातून वगळून. दिल्लीतील राज्यांच्या अतिथिगृहांना जी सूट मिळाली ती कोयनेच्या टर्बाइनला मिळण्याजोगी नव्हती, ही गोष्ट मला अजूनही खुपते.

सनदेत माफी लिहिलेली असेल तर काय होते, याचे उदाहरण फिलिपाइन्समध्ये सापडते. तेथे दूरध्वनी कंपनीला संसद स्वतंत्र कायद्याने सनद देते. पीएलडीटी या कंपनीच्या १९९१ च्या सनदेत म्हटले होते की, एकूण जमेच्या शेकडा तीन दिले की या सनदेवरील वा तिच्या मिळकतीवरील इतर सर्व करांची जागा ते घेतील. कंपनीने १९९२ ते १९९४ या काळात परदेशी यंत्रसामग्रीवर भरलेला कर परत मागितला. १५ डिसेंबर २००५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आयातीवरील मूल्यवर्धित कर हा सनदेवरचाही नव्हे आणि मिळकतीवरचाही नव्हे. तो द्यावाच लागेल. भरपाईकर व आगाऊ विक्रीकर हे मुळात पूर्वीच रद्द झालेले असल्याने त्यांचे सुमारे ९ कोटी ४६ लाख पेसो परत करायचे, पण त्यातून न वसूल झालेला मूल्यवर्धित कर वजा करून. सिडनी, दिल्ली, मनिला: तिन्ही ठिकाणी न्यायाधीशांनी ‘माल कोणाचा’ हा प्रश्न बाजूला सारून ‘कर कशावर’ हा प्रश्न पुढे आणला, आणि तो प्रश्न पुढे आला की लोकोपयोगी संस्था हरली.

आपल्याकडे यानंतर माफी मिळत गेली ती सनदेतून नव्हे, अधिसूचनेतून. वीज प्रकल्पांच्या यंत्रांना ‘प्रकल्प आयात’ म्हणून सवलतीचा दर, आणि १९९० च्या दशकापासून महाकाय प्रकल्पांना शून्य शुल्क. पण ते क्षमतेच्या किमान अटीवर. १००० मेगावॅटचे औष्णिक केंद्र त्यात बसले. येलदरीएवढे वीजगृह बसण्याचा संभवच नव्हता. अधिसूचना सचिवालयात निघते आणि सचिवालयातच मागे घेतली जाते. सौर पटलांवर ३० जुलै २०१८ रोजी शेकडा २५ चे संरक्षण शुल्क लागले, १ एप्रिल २०२२ पासून शेकडा ४० चे मूळ सीमाशुल्क आले, आणि प्रत्येक वेळी प्रकल्पधारक ‘कायद्यातील बदल’ या कलमाचा आधार घेऊन वीज नियामक आयोगांकडे वाढीव रक्कम मागायला गेले.

वस्तू व सेवा करात तर गाठ आणखी घट्ट बसली आहे. १ जुलै २०१७ पासून आयात केलेल्या रोहित्रावर वा स्विचगिअरवर एकात्मिक कर लागतो. कापड गिरणीने असा कर भरला तर आपल्या विक्रीवरच्या करातून तो वळता करून घेता येतो. विजेची विक्री मात्र करमुक्त ठेवली आहे, त्यामुळे वीज कंपनीला वळते करायला समोर करच नाही. भरलेली रक्कम भांडवली खर्चात मिळवली जाते, त्यावर घसारा आणि परतावा मोजला जातो, आणि आयोगाच्या दरनिश्चितीतून ती सेलू-पाथरीच्या कृषिपंपधारकापर्यंत आणि परभणीच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचते. वीज करमुक्त आहे असे ज्या ग्राहकाला सांगितले जाते, तोच तो कर भरतो, आणि त्याच्या देयकावर त्या कराची स्वतंत्र ओळ नसते. ही ओळ देयकावर छापली जावी, अशी मागणी आयोगाच्या जनसुनावणीत ग्राहकाने करावी. दर ठरवताना कंपनीच्या भांडवली खर्चाचा तपशील आयोगापुढे असतोच, त्यातून आयातीवरचा कर वेगळा काढून दाखवायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.