सुखी माणसाचे विशेषण

आपला 'नमस्कार' सगळ्यांना सारखाच. समोर आजोबा असोत वा शेजारची चिमुरडी, त्याचे रूप बदलत नाही. आइसलंडमध्ये मात्र भेटताक्षणी व्याकरण आठवावे लागते. तिथले एक रोजचे अभिवादन म्हणजे चक्क विशेषण आहे आणि त्याचा अर्थ आहे 'सुखी'. पुरुषाला 'सायत्ल', बाईला 'सायल'. पुरुषांच्या घोळक्याला 'सायलिर', बायकांच्या घोळक्याला 'सायलर'. निरोप देतानाही 'वेर्तू सायत्ल', म्हणजे सुखी राहा. थेट आपल्या आजीचा आशीर्वादच!

फेरो बेटांवर हाच शब्द 'सेआलुर' होतो. नवव्या शतकात दर्यावर्दी वसाहतकऱ्यांनी या बेटांवर नेलेली जुनी नॉर्स भाषा ही दोघांची आई. शब्दाची भावंडे दूरवर पसरली आहेत. जर्मन 'सेलिग' म्हणजे धन्य. तो आपल्या 'कैलासवासी'सारखा दिवंगतांसाठीही वापरतात. इंग्रजीतला 'सिली' याच कुळातला. तो आधी धन्य होता, मग निष्पाप, मग केविलवाणा आणि शेवटी मूर्ख ठरला. भोळ्या माणसाचे जगात असेच होते!

मला खरी गंमत वाटली ती पुढेच. नवरा-बायको जोडीने भेटले तर काय म्हणायचे? तिथे विशेषण नपुंसकलिंगी अनेकवचनात जाते आणि रूप पुन्हा 'सायल'. हसू नका, आपणही तेच करतो. 'ते दोघे', 'त्या दोघी', पण जोडपे असेल तर 'ती दोघं'. शिवाय 'चांगली मुलगी' आणि 'चांगली मुलं' यांतही रूप एकच!

हिंदीने नपुंसकलिंग टाकले, मराठी, कोकणी आणि गुजरातीने जपले. तिकडे डॅनिश आणि स्वीडिशने पुल्लिंग-स्त्रीलिंग एकत्र केले, पण आइसलंड आणि फेरोने तिन्ही लिंगे राखली. आइसलंडची वस्ती सुमारे ४ लाख, फेरोची ५५ हजारांच्या आसपास. २०११च्या जनगणनेनुसार आपण मराठी बोलणारे ८ कोटींहून अधिक. तरीही हल्ली आपल्याच घरांत 'ते मुलं आले' असे सर्रास कानावर पडते, आणि मला धास्ती वाटते. मोठ्या संख्येच्या भरवशावर आपण निर्धास्त तर झालो नाही ना?

मुलांना त्यासाठी रागावू नये. त्यांच्या 'ते मुलं आले'नंतर आपण सहज विचारावे, 'हो का, कधी आली ती मुलं?' कानाला सवय झाली की जिभेलाही होते.