गाण्यामागचे गज

२०१६च्या लग्नसराईत यवतमाळपासून पुसदपर्यंत ‘सैराट’ न वाजवता निघालेली वरात शोधावीच लागली असती. क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ढोल यांवर बँडवाल्यांचं काम भागत होतं. मूळ संगीतासाठी मात्र अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर आख्खा सिंफनी वाद्यवृंद बसवला होता.

लोकांच्या ओठांवरची गाणी तंतुवाद्यांवर ‘क्लासिकल’ थाटात वाजवायची आज जगभर चलती आहे. लॉस एंजेलिसचं व्हिटॅमिन स्ट्रिंग क्वार्टेट १९९९पासून हेच करतंय. २०२०मधल्या ‘ब्रिजर्टन’ मालिकेमुळे ते घरोघर पोचलं. मुंबईतही मेणबत्त्यांच्या उजेडात अशा मैफली रंगतात. आपण मात्र हा प्रकार साठ-सत्तर वर्षं फुकटात ऐकत आलोय, रेडिओवरच्या सिनेमाच्या गाण्यांत.

त्या गाण्यांतल्या व्हायोलिनांमागे गोव्याचे वादक होते. तिथल्या चर्चच्या शाळांमधून पोरं स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून निघत आणि पोटासाठी मुंबई गाठत. त्यांतले सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांचे संयोजक झाले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी, चाल एकपदरी. डिसूझा ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेत आणि गायक श्वास घेतो तिथे व्हायोलिनांनी काय बोलायचं, ते लिहून काढत. मग दोन वादकांत एक स्टँड, एकाने पान उलटायचं. गज कुठे वर ओढायचा, कुठे खाली, याच्या खुणाही कागदावरच. नाहीतर ताफा विस्कटलाच म्हणून समजा. मींड तेवढी कागदावर मावत नाही. ती तारेवरून बोट सरकवतच गाठावी लागते.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच्याही पुढे गेले. रागसंगीत वाद्यवृंदासाठी लिहायचं, हा त्यांचा ध्यास. १९५८मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी शंभरावर वादक बसवले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पुढे ते अमेरिकेला गेले, परतल्यावर गोव्यात निवांत राहिले आणि २०१२मध्ये वारले. देशाला त्यांचं नाव ठाऊक झालं ते ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे. ते नाव गाण्यात आलं, कारण चित्रपटाच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. शंभर वादकांच्या मैफलीने जे साधलं नाही, ते अंड्यातून बाहेर आलेल्या अमिताभने साधलं. असो.

मराठीत हे संयोजनाचं काम व्हायोलिनवादक अनिल मोहिले यांनी केलं. ‘अष्टविनायक’चं (१९७९) संगीत अनिल-अरुण जोडीचं, त्यांतले अनिल ते हेच. लताबाईंच्या मैफलींचं वाद्यवृंद-संयोजनही त्यांनी सांभाळलं.

हे आठवलं की तंतुवाद्यांच्या आजच्या पुष्कळ चौकड्या (क्वार्टेट) मला पातळ वाटतात. पहिलं व्हायोलिन गायकाची ओळ जशीच्या तशी वाजवतं, बाकीचे तिघे नुसता टेकू देतात. शब्द गेले की त्या जागी काहीतरी यायला नको का? चेलोने मध्येच चाल हिसकावून घ्यावी, व्हायोलाने उलट बोलावं, मग मजा. ‘छाया’त (१९६१) सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरावट तलत-लतांच्या गळ्यात बसवली, ते गाणं पुन्हा चौकडीला द्यायचं तर किती गंमत करता येईल.

यवतमाळात अशी मैफल व्हायला खर्च फार नाही: चार खुर्च्या, चार स्टँड. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे व्हायोलिन शिकतात ते बहुधा मांडी घालून, रागदारीसाठी; व्हायोला-चेलोचा गुरू जवळपास मिळणं कठीण. आणि गाण्याचे बोल कुठेही छापील मिळतात, पण चौघांच्या चार वेगळ्या ओळी कुणीतरी बसून लिहाव्याच लागतात.