मास्कच्या चुण्या आणि माझी फुकट गेलेली चित्रं

मास्क घातलेल्या माणसाचे भाव आपण कसे ओळखतो, यावर प्रयोग करताय? त्यासाठी पिक्सेल आर्टमधले चेहरे वापरणार असाल, तर आधी मास्क नीट काढायला शिका. 64×64 च्या चित्रात एका पिक्सेलनेही भाव बदलतो.

कापडी मास्क म्हणजे सपाट पट्टा नव्हे. तो नाकावर टेकतो, गालांवरून वळतो, हनुवटीखाली जातो. तीन छटा पुरतात. उजेड वरून, डावीकडून येतोय असं धरा: उजळ छटा नाकाच्या उंचवट्यावर, गडद छटा उजव्या कडेला आणि हनुवटीखाली, बाकी मूळ रंग. कानाकडून आत येणाऱ्या दोन-तीन तिरक्या चुण्या बास. चारही कडा गडद केल्यात, तर मास्क उशीसारखा फुगलेला दिसतो.

आता खरी गोम. मी प्रत्येक चेहऱ्याला वेगळा मास्क काढला आणि रागीट चेहऱ्यांच्या चुण्या नकळत खाली झुकल्या. मग लोकांनी राग ओळखला तो भुवयांवरून की चुण्यांवरून? सांगताच येईना. सगळी चित्रं पुन्हा करावी लागली.

म्हणून चेहऱ्याचा आकार एकच ठेवा, मास्क एकदाच काढून वेगळ्या लेयरवर ठेवा आणि तोच सगळ्यांना लावा. बदलायचे ते फक्त डोळे आणि भुवया.