पाचगणीचा पियानो आणि ‘क्वीन टू’ची काळी बाजू

चोपड्यात लग्नसराईत वरातीपुढे बँड निघतो, तेव्हा वाजवणाऱ्यांच्या अंगावर जरीचे झगमगीत कोट असतात. त्या झगमगाटामुळे ट्रम्पेटवाल्याच्या फुंकेला कोणी हलकं लेखत नाही. १९७४ साली इंग्लंडमधल्या बऱ्याच समीक्षकांनी मात्र ‘क्वीन’ या बँडला नेमकं तसंच लेखलं. साटीनचे कपडे, डोळ्यांत काजळ, उंच टाचांचे बूट हा तेव्हाच्या ग्लॅम रॉकचा थाट होता. मार्क बोलन आणि डेव्हिड बोवी यांनी तो रुजवला होता. हे चौघे त्या लाटेवर स्वार झालेले नट आहेत, असा शेरा मारून अनेकांनी विषय संपवला.

त्याच वर्षी ८ मार्चला त्यांचा दुसरा अल्बम आला, ‘क्वीन टू’. पहिला अल्बम त्यांनी लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत, इतर गिऱ्हाइकांकडून उरलेल्या वेळात उरकला होता. दुसऱ्यासाठी त्यांनी हक्काचा वेळ मागून घेतला आणि ऑगस्ट १९७३मध्ये ध्वनिमुद्रण केलं. तबकडीला पहिली-दुसरी बाजू नव्हती, पांढरी आणि काळी होती. पांढरीवर चार रचना चौघांपैकी ब्रायन मे याच्या आणि एक रॉजर टेलरची. काळीवरच्या सहाही गायक फ्रेडी मर्क्युरीच्या.

हा फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, १९४६चा, घराणं पारशी. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहावर ठेवलं. पियानोचं रीतसर शिक्षण त्याला तिथेच मिळालं आणि ‘फ्रेडी’ हे नावही तिथेच पडलं. १९५८च्या सुमारास ‘द हेक्टिक्स’ हा पाच मुलांचा बँड त्याच शाळेत उभा राहिला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुलं वाजवत, आणि फ्रेडी गायक नव्हता, पियानोवर असे. त्यातला व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला, डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये अभिनेता. फ्रेडीचं कुटुंब झांझिबारमधल्या १९६४च्या क्रांतीनंतर लंडनजवळच्या फेल्टममध्ये आलं.

काळी बाजू ऐकताना मला हा पियानोवरचा मुलगा सतत जाणवतो. ‘ओगर बॅटल’ उलट्या फिरवलेल्या टेपने सुरू होतं. पुढचं गाणं रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या चित्रावर बेतलेलं. डॅडने ते वेड्यांच्या इस्पितळात वर्षानुवर्षं रंगवलं होतं, आणि फ्रेडीने त्यातल्या चिमुकल्या माणसांची गर्दी हार्पसिकॉर्डच्या धावत्या सुरांत उतरवली. मग जेमतेम सव्वा मिनिटाचं ‘नेव्हरमोर’, जवळजवळ नुसत्या पियानोवर. आणि मग ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’, साडेसहा मिनिटांचं, ज्यात एका ठिकाणी ८ आणि १२ मात्रांचे दोन हिशेब एकाच वेळी चालतात.

एवढे आवाज कुठून आले? गाणारे तिघेच: फ्रेडी, मे आणि टेलर. एकच ओळ तिघांनी मिळून गायची, पुन्हा गायची, साठलेले थर एका ट्रॅकवर उतरवून बाकीचे मोकळे करायचे आणि त्यावर आणखी थर चढवायचे. मेच्या गिटारचंही तसंच. त्यातून वाद्यवृंदाचा भास होतो. सिंथेसायझर कुणीही वाजवलेला नाही, हे त्यांनी वेष्टनावर मुद्दाम छापलं. मात्रांच्या दोन हिशेबांचं गाणं टेपवर थर रचत उभारणारा माणूस नुसता नट असूच शकत नाही.

वेष्टनावरचं छायाचित्र मिक रॉकचं: काळोखात चार चेहरे, ‘शांघाय एक्स्प्रेस’ या १९३२च्या चित्रपटातल्या मार्लेन डीट्रिशच्या छबीवर बेतलेले. पुढच्याच वर्षी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या चित्रफितीत हीच चौकट हलू लागली. त्या गाण्याचा उदोउदो जगभर झाला, पण त्याची सगळी तालीम ‘ब्लॅक क्वीन’मध्ये आधीच झाली होती.

अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत चढला. ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’ हे त्यातलं शेवटचं गाणं दहाव्यापर्यंत, आणि तेच त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं. ऱ्हाय हा फ्रेडीने बहीण कश्मीरासोबत लहानपणी कल्पलेला देश. काळी बाजू ऐकायची तर ‘ओगर बॅटल’पासून सलग ऐकावी, कारण ही गाणी एकमेकांत मिसळत जातात. शेवटी ऱ्हायचा राजेशाही थाट ओसरतो आणि समुद्रकिनाऱ्यावर सहलीला आलेल्या इंग्रजांचं एक जुनं लोकप्रिय गाणं सगळे मिळून गाऊ लागतात.