गल्लीचे गाणे

1886 च्या जुलै महिन्यात माद्रिदमधल्या एका उन्हाळी नाट्यगृहात शहरातले रस्तेच पात्रे होऊन रंगमंचावर आले. कारण गंभीर होते. गावाच्या मधोमध एक रुंद, नवा हमरस्ता काढायचे घाटत होते आणि त्यासाठी जुन्या गल्ल्या पाडल्या जाणार होत्या. त्या गल्ल्या आपले गाऱ्हाणे मांडत होत्या. मधूनच एक मोलकरीण टँगोच्या चालीवर आपली कर्मकहाणी सांगे, तर तीन खिसेकापू आपल्या हातचलाखीची फुशारकी मारत. ‘ला ग्रान वीया’ हे त्या नाटकाचे नाव. संगीत फेदेरिको चुएका आणि हुआकीन वाल्वेर्दे यांचे. प्रत्यक्ष रस्त्याचे काम सुरू व्हायला 1910 साल उजाडले. नाटक तोवर देशोदेशी पोहोचले होते. 1888 मध्ये इटलीतल्या तोरिनो शहरात नित्शेने ते पाहिले आणि त्या तीन चोरांच्या गाण्यावर तो तत्त्वज्ञ इतका खूश झाला, की मित्राला पत्र लिहून त्याने ते कळवले.

हा नाट्यप्रकार म्हणजे सार्सुएला. त्यात पात्रे गद्यात बोलतात आणि प्रसंग रंगला की गाऊ लागतात. संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी रसिकाला त्यात काही परके वाटू नये. त्याचा जन्म मात्र गल्लीतला नाही. माद्रिदबाहेर काटेरी झुडपांच्या रानात स्पेनच्या राजाचा शिकारीसाठीचा वाडा होता. झुडपांवरून वाड्याचे नाव पडले आणि वाड्यावरून तिथल्या खेळांचे. चौथ्या फेलिपेच्या करमणुकीसाठी काल्देरोन दे ला बार्काने 1657 च्या सुमारास लिहिलेली नाटके या परंपरेची सुरुवात मानली जातात. त्यांत देव-देवता आणि अप्सरा होत्या. पुढे फ्रान्सचे बूर्बों घराणे गादीवर आले, दरबाराला इटालियन ऑपेराची गोडी लागली आणि खुद्द नामवंत गायक फारिनेल्ली राजासाठी गाऊ लागला. सार्सुएला मागे पडली. रामोन दे ला क्रूसने 1768 मध्ये कापणीला आलेल्या शेतमजूर बायका रंगमंचावर आणल्या. पुढच्या शतकाची चाहूल त्यात होती, पण ती वाट लगेच रुळली नाही.

खरे पुनरुज्जीवन 1850 नंतरचे. संगीतकार फ्रान्सिस्को आसेन्खो बार्बिएरी याच्या ‘हुगार कोन फुएगो’ने 1851 मध्ये माद्रिद जिंकले. इटालियन ऑपेराच्या दारात किती दिवस ताटकळायचे, असे म्हणत बार्बिएरी आणि त्याच्या सोबत्यांनी एका सावकाराचा पैसा उभा केला आणि स्वतःचे नाट्यगृह बांधले. 10 ऑक्टोबर 1856 रोजी उघडलेले तेआत्रो दे ला सार्सुएला 1909 च्या आगीत होरपळले, पुन्हा उभे राहिले आणि आजही चालू आहे.

तरीही तीन अंकी नाटकाचे तिकीट सगळ्यांच्या खिशाला परवडणारे नव्हते. 1868 च्या राज्यक्रांतीच्या आसपास काही नटांनी त्यावर तोड काढली. एका संध्याकाळी एकच लांबलचक नाटक करण्याऐवजी तासा-तासाचे चार खेळ लावायचे आणि प्रत्येकाचे तिकीट वेगळे, स्वस्त. सार्सुएलाच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि तो एखाद्या संगीतकाराने नव्हे तर गल्ल्याचा हिशेब जाणणाऱ्या नटांनी घेतला. आता कामगार, शिंपिणी, दुकानातली पोरे प्रेक्षागृहात आली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही रंगमंचावर चढली. आपोलो नाट्यगृहाचा रात्री उशिराचा चौथा खेळ तर शहरातला कट्टाच बनला. एका अंकात प्रेम, भांडण आणि समेट उरकायचा असल्याने कथा चाळीत, जत्रेत, दारूच्या गुत्त्यात घडू लागल्या.

त्यातली अव्वल म्हणजे 17 फेब्रुवारी 1894 रोजी आपोलोत आलेली ‘ला वेर्बेना दे ला पालोमा’. तोमास ब्रेतोन स्पॅनिश भाषेत भव्य ऑपेरा घडवण्याच्या ध्यासाने झपाटलेला संगीतकार होता. लोकांनी त्याला अमर केले ते या तासाभराच्या खेळासाठी. ऑगस्टच्या उकाड्यातली देवीची जत्रा. छापखान्यात खिळे जुळवणारा हुलिआन आपल्या सुसानाला एका म्हाताऱ्या औषधविक्याच्या हाताला धरून जाताना पाहतो. तिच्या खांद्यावर भरतकामाची रेशमी शाल आहे. माद्रिदच्या मुली सणाला मिरवत ती शाल चीनमध्ये विणली जाई आणि मनिलामार्गे येई, म्हणून तिला मनिलाचीच शाल म्हणत.

चार वर्षांनी अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनने मनिला गमावले, क्युबाही गमावला. पराभवाचा तह व्हायच्या आधीच, नोव्हेंबर 1898 मध्ये, ‘हिगांतेस इ काबेसुदोस’ हे नाटक आले. त्यात युद्धावरून परतलेले सैनिक एब्रो नदी पाहून गातात. घरोघरी मुलगा, भाऊ, नवरा परतण्याची वाट पाहणारे लोक समोर बसलेले असताना ते समूहगान झाले. वर्तमानाला इतक्या जवळून भिडणारे संगीत रंगभूमीवर दुर्मीळच.

साम्राज्य गेले, सार्सुएला मागे राहिली. हवानात एर्नेस्तो लेकुओनाने ‘मारीया ला ओ’ (1930) आणि गोन्सालो रोईगने ‘सेसिलिया वाल्देस’ (1932) रचले. त्यांच्या केंद्रस्थानी गुलामगिरीच्या काळातली मिश्रवर्णीय स्त्री आहे आणि संगीतात आफ्रिकी ताल आहेत. माद्रिदच्या माझुर्का नाचाची जागा क्युबाने स्वतःच्या ठेक्याने भरून काढली.

फिलिपिन्सची कहाणी त्याहून विलक्षण. स्पॅनिश मंडळ्या तिथे 1880 च्या आसपास आल्या. 1900 मध्ये कपाम्पांगान भाषेत सार्सुएला झाली आणि 1902 मध्ये सेवेरिनो रेयेसने तागालोगमध्ये ‘वालांग सुगात’ लिहिले. काळ 1896 च्या उठावाचा. स्पॅनिश पाद्र्यांच्या छळाने नायक तेन्योंगचा बाप तुरुंगात मरतो आणि तेन्योंग बंडखोरांना जाऊन मिळतो. इकडे त्याच्या प्रेयसीचे, हुलियाचे, लग्न तिची आई एका श्रीमंताशी ठरवते. ऐन लग्नात मरणासन्न तेन्योंगला उचलून आणतात. मरण्यापूर्वी हुलियाशी लग्न लावा, एवढीच त्याची विनवणी. थोड्या वेळाचाच प्रश्न म्हणून सगळे होकार देतात. लग्न लागते आणि नवरदेव ताडकन उठून उभा राहतो. अंगावर जखमेचा ओरखडाही नाही! राज्यकर्त्यांकडून घेतलेला नाट्यप्रकार त्यांच्याच पाद्र्यांवर उलटवला गेला, आणि तोही अमेरिकी सत्तेने स्वातंत्र्याची भाषा गुन्हा ठरवली होती त्या दिवसांत. रेयेसचे हे धाडस मोठेच.

1917 मध्ये ‘दालागांग बुकिद’ या सार्सुएलाने आतांग दे ला रामा या कोवळ्या वयाच्या गायिकेला घराघरांत पोहोचवले. 1919 मध्ये होसे नेपोमुसेनोने त्याचा चित्रपट काढला. तो फिलिपिनो दिग्दर्शकाचा पहिला कथापट. चित्रपट मूक होता, म्हणून आतांग स्वतः चित्रपटगृहात हजर राहून गाणे म्हणत. 1987 मध्ये त्यांना राष्ट्रीय कलावंत हा किताब मिळाला.

पण सिनेमाला आवाज फुटला आणि सार्सुएलाची गर्दी तिकडे वळली. 1929 मध्ये माद्रिदचे आपोलो बंद पडले. नवी नाटके येत राहिली, ‘लुईसा फेर्नांदा’ तर 1932 ची. मंडळ्या मात्र पोटासाठी दूर जाऊ लागल्या. गायिका पेपिता एम्बिल आणि तिचा नवरा 1946 मध्ये अशाच दौऱ्यावर मेक्सिकोत गेले, तिथेच राहिले आणि त्यांनी स्वतःची मंडळी काढली. त्यांचा मुलगा प्लासिदो दोमिंगो 1957 च्या सुमारास ‘हिगांतेस इ काबेसुदोस’मध्ये गाऊन रंगमंचावर उभा राहिला. पुढे ऑपेराचा जगन्मान्य गायक झाल्यावर त्याने तरुण गायकांसाठी ‘ओपेरालिया’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. तिच्यात ऑपेराबरोबर सार्सुएलाचीही वेगळी बक्षिसे आहेत, आणि ती मिळवण्यासाठी ज्यांची मातृभाषा स्पॅनिश नाही असे गायकही ही गाणी शिकून येतात.